नळाचा दिवस आणि बोक्याची लघवी: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं हे घर. तळमजल्यावर टॉवेलचं काम चालतं. कारखान्यातून आलेल्या टेरी टॉवेलच्या कडा शिवायच्या, घड्या घालायच्या, डझनाचे गठ्ठे बांधायचे. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि पत्र्याची शेड असलेली गच्ची. घरात आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नात. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, मांजरांची नावंही मी दिलेली आहेत.

बोका बंड्या चार वर्षांचा, पर्शियन आणि गावठी यांच्या संकरातला, नसबंदी झालेला. चिंगी ही वर्षाची गावठी मांजरी, आदल्या पावसाळ्यात नातीनं रस्त्यावरून उचलून आणलेली. तिचंही ऑपरेशन झालेलं. दोघं एका ताटलीत जेवायची आणि मारामारी कधी व्हायची नाही, म्हणून त्यांचं चांगलं जमतं असं घरच्यांचं मत होतं. दोघांना मिळून एकच लिटर बॉक्स, म्हणजे मांजरानं शी-लघवी करायचा ट्रे, न्हाणीच्या कोपऱ्यात. सुरुवातीला त्यात बांधकामाची वाळू असायची. नंतर नातीनं वाळूऐवजी ऑनलाइन लॅव्हेंडरच्या वासाचं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये भरायचे तयार दाणे, मागवायला सुरुवात केली.

या भागात तेव्हा नळाला चार दिवसांआड पाणी यायचं, तेही बहुतेकदा रात्री. ज्यांच्या घरी रोज पाणी येतं त्यांना नळाचा दिवस म्हणजे काय हे सांगावं लागेल. त्या रात्री घरातलं कुणीतरी जागं असतं. मोटर लागते, पिंपं, बादल्या, घागरी ओळीनं भरल्या जातात, तुंबलेली धुणी-भांडी उरकली जातात आणि न्हाणीत पाय ठेवायला जागा उरत नाही. पुढं हा दिवस या प्रकरणात महत्त्वाचा ठरला.

तक्रार

मार्च संपता संपता बंड्या बॉक्सबाहेर लघवी करू लागला. आधी न्हाणीच्या फरशीवर, मग आजीच्या वाकळेवर, आणि एप्रिलमध्ये खाली बांधून ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर. ती एका हॉटेलची ऑर्डर होती. माल परत आला, आणि घरात मांजराचा विषय एकदम गंभीर झाला. मुलाचं म्हणणं सरळ होतं. घर मजुरीवर चालतं, महिन्यात दोनदा असं झालं तर काम देणारा दुसरीकडं जाईल.

आजी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यो मुद्दाम करालाय बघा. ती बारकी आणल्यापासनं राग धरलाय ह्यानं."

माझ्याकडं येण्याआधी बरेच उपाय झाले होते. लघवी केलेल्या जागी नाक घासलं होतं, झाडू दाखवला होता, रात्री गच्चीवर कोंडलं होतं. फरशी फिनाइलनं पुसली जात होती आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांत डांबर गोळ्या ठेवल्या होत्या. एका ठिकाणाहून अँटिबायोटिक आणून दिलं होतं. त्यानं पाच-सहा दिवसांत बरं वाटलं आणि पंधरवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. पोत्यात घालून एमआयडीसीकडं सोडून यावं असा सल्ला एका नातेवाइकानं दिला होता. नात रडून गोंधळ घालायची म्हणून तेवढं राहिलं होतं.

फिनाइल आणि डांबर गोळ्या मी त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या. फिनॉलवर्गातली रसायनं निकामी करायची यकृताची एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात फार क्षीण असते. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. डांबर गोळ्यांतलं नॅप्थलीनही मांजराला घातक. यकृताच्या याच उणिवेमुळं पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाच्या औषधाच्या डब्यातलं काहीही मांजराला द्यायचं नाही, हे मी प्रत्येक घरी सांगतो.

पहिला निर्णय: हे आजारपण आहे की वागणूक?

माझ्या दृष्टीनं हा या प्रकरणातला सर्वांत मोठा टप्पा. मांजर राग काढतंय असं एकदा ठरवलं की पुढचे सगळे उपाय शिक्षेचे होतात आणि दुखणं तसंच राहतं.

बोका बाहेर लघवी करतो म्हटलं की बहुतेकांच्या मनात फवारणी येते, म्हणजे आपल्या हद्दीची खूण म्हणून लघवी उडवणं. फवारताना बोका उभा राहतो, शेपूट ताठ करून थरथरवतो आणि भिंतीवर किंवा दारावर मागच्या बाजूनं थोडी धार मारतो. नसबंदी झालेल्या बोक्यांतले साधारण दहा टक्के तरीही फवारतात, त्यामुळं ऑपरेशन झालंय एवढ्यावरून ही शक्यता सोडता येत नाही. नातीला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. ते बघितल्यावर शंका उरली नाही. बंड्या बसून लघवी करत होता, आडव्या जागेवर, थेंब थेंब. पाच मिनिटांनी पुन्हा बसत होता आणि बसल्यावर ओरडत होता. शी मात्र न चुकता बॉक्समध्ये जात होती. म्हणजे बॉक्स काय असतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. अडचण लघवीपुरतीच होती.

तपासणीत मूत्राशय लहान आणि दुखरं लागलं. ते मोठं आणि कडक लागलं असतं तर मार्ग तुंबला असं समजून त्याच क्षणी दाखल करावं लागलं असतं. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, मूत्राशयाची भिंत मात्र जाड झालेली होती. पर्शियन रक्तात किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून किडन्या नीट बघितल्या. त्या स्वच्छ होत्या. सुईनं थेट मूत्राशयातून घेतलेल्या नमुन्यात रक्त होतं, जंतू नव्हते. लघवीची घनता १.०५५, म्हणजे लघवी चांगली दाट होती. मधुमेहात किंवा किडनी थकलेली असताना लघवी बहुधा इतकी दाट राहत नाही, आणि नमुन्यात साखरही नव्हती.

अहवालात 'स्ट्रुव्हाइटचे काही स्फटिक' असंही होतं. स्ट्रुव्हाइट हा लघवीतला एक क्षार. त्यावर बोट ठेवून मुलानं विचारलं, "म्हणजे खडाच ना?" तसं नाही. दाट लघवीत थोडे स्फटिक निरोगी मांजरांतही सापडतात.

निदान झालं ते मूत्राशयाच्या अकारण दाहाचं. अकारण म्हणजे जंतू, खडा, गाठ यांपैकी काही सापडत नाही, तरी मूत्राशय सुजतं. दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीच्या तक्रारीमागं निम्म्याहून अधिक वेळा हेच असतं, आणि ताणाशी त्याचा घट्ट संबंध आहे. पाळलेल्या मांजराचा पूर्वज वाळवंटी प्रदेशातला. पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाट करायची, ही सवय त्याच्याकडूनच आलेली. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि बंड्या फक्त कोरडं खाद्य खात होता.

अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हा प्रश्न इथंच सुटला. हा दाह बहुतेकदा आठवडाभरात आपोआप ओसरतो, औषध दिलं काय आणि न दिलं काय. म्हणून आधीच्या अँटिबायोटिकनं गुण आल्यासारखं वाटलं होतं. जंतू नसताना ते पुन्हा द्यायचं कारण नव्हतं. सलाइन देऊन शरीरातलं पाणी भरून काढलं आणि मग वेदनाशामक सुरू केलं. लघवी करताना दुखतं तेव्हा मांजर त्या दुखण्याचा संबंध बॉक्सशी जोडतं आणि दुसरी मऊ किंवा गार जागा शोधतं. वाकळ, टॉवेल आणि फरशी या तीन जागांचा अर्थ एवढाच होता.

दुसरा निर्णय: कॅलेंडरवरच्या दोन खुणा

ताण कशाचा, हे शोधायला मी सुनेला घटनांची नोंद ठेवायला सांगितली. त्यांनी वेगळी वही केली नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बाहेर लघवी झाली की लाल फुली मारली. त्याच कॅलेंडरवर आजी कित्येक वर्षं नळाच्या दिवशी पेनानं टिंब काढत आल्या आहेत.

पान माझ्या टेबलावर आलं तेव्हा सुनेनंच बोट ठेवलं. जवळजवळ प्रत्येक फुली टिंबाच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी होती.

मग त्या दिवसाची एकेक गोष्ट विचारत गेलो. पाणी जपून वापरायचं म्हणून बॉक्स फक्त नळाच्या दिवशी धुतला जाई. त्यामुळं आदल्या दिवशी तो सर्वांत घाण असे, आणि धुतल्यावर फिनाइलचा वास येई. संध्याकाळी पिंपांना जागा हवी म्हणून बॉक्स गच्चीवर जाई आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कधीतरी परत येई. रात्री शेजारच्या मोटरी आणि घरातली मोटर एकदम सुरू होत. दुसऱ्या दिवशी पत्र्याखालची गच्ची इतकी तापे की माणसालाही तिथं थांबवत नसे. आणि गच्चीच्या जिन्यात वरच्या पायरीवर चिंगी आडवी पडलेली असे.

ही शेवटची गोष्ट घरच्यांना किरकोळ वाटली होती. नातीनं जिन्याचंही चित्रण आणलं. चिंगी गुरगुरत नव्हती, पंजा उगारत नव्हती, नुसती टक लावून बघत होती. बंड्या चार पायऱ्या चढला, थांबला, मान वळवली आणि खाली आला. मांजरांतली बरीच भांडणं अशी बिनआवाजाची असतात. एका ताटलीत जेवतात यावरूनही काही ठरत नाही. खाणं एकाच जागी मिळत असेल तर मांजरं नाइलाजानं शेजारी बसतात.

म्हणजे दर नळाच्या दिवशी, जवळपास दिवसभर, बंड्याला लघवीसाठी धड जागाच नव्हती. तो धरून ठेवत होता. आधीच दुखऱ्या मूत्राशयाला ते सोसत नव्हतं.

पर्याय

मांजर देऊन टाकणं हा पहिला पर्याय. मी तो झटकून टाकला नाही, कारण घराची मजुरी खरोखर बुडत होती. पण चार वर्षं घरात वाढलेला, लघवीचा आजार असलेला बोका दत्तक घेणारं कुणी समोर नव्हतं. एमआयडीसीत सोडणं म्हणजे त्याला उन्हात मारणं, हे मी स्पष्ट बोललो.

दुसरा पर्याय, बंड्याला कायम एका खोलीत ठेवायचं. माल वाचला असता, पण कोंडलेपणाचा ताण वाढला असता.

तिसरा, मेंदूवर काम करणारी औषधं. फ्लुओक्सेटिनसारखं औषध काही मांजरांना उपयोगी पडतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, रोज गोळी भरवावी लागते, आणि घरातली अडचण तशीच राहिली तर औषध थांबवल्यावर त्रास परत येण्याचा धोका असतो. ते राखून ठेवलं.

चौथा, घराची रचना बदलायची. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच आजाराची घरोघरची ४६ मांजरं दहा महिने पाहिली. घरातल्या परिस्थितीत बदल केल्यावर लघवीचा त्रास तर कमी झालाच, भित्रेपणाही कमी झाला. तो अभ्यास अमेरिकेतल्या घरांवरचा आणि आमचं घर चार दिवसांआड पाण्याचं, तरी दिशा तीच होती. आम्ही हा पर्याय घेतला.

काय केलं

मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, हा साधा नियम. इथं तीन. तिन्ही एका खोलीत ओळीनं मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच बॉक्स. दाराशी चिंगी बसली की तिन्ही बंद. म्हणून एक आतल्या खोलीत, एक वरच्या बोळात, एक जिन्याखाली ठेवला. न्हाणीत आणि गच्चीवर एकही नाही. बाजारातले लिटर बॉक्स बहुधा लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट बॉक्स हवा. सुनेनं कपडे भिजवायचे मोठे प्लास्टिकचे टब आणले आणि मुलानं एका बाजूची कड खाली कापून दिली. झाकण नाही, त्यामुळं आत बसून दोन्हीकडं बघता येतं आणि निसटताही येतं.

लिटर कोणतं हे बंड्यालाच ठरवू दिलं. एका टबात चाळलेली बारीक वाळू, दुसऱ्यात बिनवासाचं, ओलं झाल्यावर गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर, तिसऱ्यात जुनं लॅव्हेंडरचं. आठवड्याच्या आत उत्तर मिळालं. लॅव्हेंडरकडं दोघंही फिरकली नाहीत आणि बंड्यानं बेंटोनाइट पसंत केलं. खर्चाचा प्रश्न आला. वाळू जवळजवळ फुकट, बेंटोनाइटची पिशवी महाग. इथं आजींचं मन वळलं ते पाण्याच्या हिशेबानं. गोळा होणाऱ्या लिटरमधली लघवी खुरप्यानं उचलून टाकता येते, त्यामुळं टब दर चार दिवसांनी धुवावा लागत नाही. वाळू ओली होते, वास धरते, धुवायला लावते. "एक घागर वाचली की," म्हणून आजींनी खुरपं स्वतःकडं घेतलं. सकाळी आणि रात्री, दिवसातून दोनदा त्या टब साफ करू लागल्या. चिंगीची पसंती वाळूला होती, म्हणून एक टब वाळूचा राहू दिला.

नळाच्या दिवसाचा क्रम बदलला. संध्याकाळी पिंपं हलवण्याआधी बंड्या आतल्या खोलीत जातो. तिथं त्याचा टब, पाणी आणि बसायला उंच फळी आहे. मोटर थांबून सगळं शांत झालं की दार उघडतं. टब जागचा हलत नाही.

माल वाचवायला खालच्या खोलीचं दार बंद ठेवायचं ठरलं. आडवी घडवंची होती तिथं ताडपत्रीचं झाकण असलेली मांडणी आली. जुने डाग शोधायला रात्री दिवे घालवून अतिनील टॉर्च फिरवला. आजींची वाकळ आणि जिन्याजवळचं पायपुसणं दोन्ही ठिकाणी चमकलं. मांजराच्या लघवीतलं युरिक ॲसिड साध्या पाण्यानं निघत नाही, दमट हवेत वास पुन्हा उठतो आणि मांजर तिथंच परत जातं. टॉवेल आणि वाकळ एन्झाइम असलेल्या कपड्याच्या पावडरीत गार पाण्यात भिजवून धुतले, फरशीला एन्झाइमचं क्लीनर वापरलं.

पाणी पोटात जावं म्हणून कोरड्या खाद्यात बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणी मिसळायला लागले. दिवसातून एकदा ओलं खाद्य. पाण्याची मातीची पसरट भांडी टबांपासून लांब, घरात तीन ठिकाणी. दोघांच्या ताटल्या वेगवेगळ्या खोल्यांत गेल्या. चिंगीला खिडकीत बसायला जागा केली, आणि ती जिना सोडून बहुतेक वेळ तिथं दिसू लागली. झाडू बंद.

मे महिन्यातली रात्र

पहिले दोन आठवडे फुली पडली नाही. मग सुट्टीत पाहुणे आले, आतल्या खोलीत अंथरुणं पडली आणि तिथला टब बोळात सरकला. नळही एक दिवस उशिरा आला. त्या रात्री सुनेचा फोन आला. बंड्या सारखा टबात जाऊन बसतोय, पण टब कोरडा आहे.

या लक्षणाबद्दल पहिल्याच भेटीत मी दोनदा बजावलं होतं. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, सुजेनं किंवा चिकट गाळानं तो बंद होतो. मग रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बद्धकोष्ठ आहे असं समजून घरं सकाळपर्यंत थांबतात, आणि तिथं वेळ जातो. हे कुटुंब थांबलं नाही. मूत्राशय लिंबासारखं कडक लागलं. भूल देऊन नळी घातली, गाळ धुऊन काढला. काही दिवस दाखल ठेवून घरी सोडला.

निष्पत्ती

त्यानंतर पाहुणे असोत वा नसोत, आतल्या खोलीतला टब हलला नाही. पावसाळ्यात दोन फुल्या पडल्या, दोन्ही वेळा टब दिवसभर साफ झाला नव्हता. टॉवेलवर पुन्हा लघवी झाली नाही. फ्लुओक्सेटिनची गरज पडली नाही.

खरी परीक्षा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेला होती. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेसाठी घरात माणसं, येणंजाणं, रात्री उशिरापर्यंत गप्पा. सुनेनं आठवडाभर आधीच बंड्याची खोली ठरवून ठेवली, पाहुण्यांना दार उघडू नका म्हणून सांगितलं आणि ओल्या खाद्याचं प्रमाण वाढवलं. जत्रा निभावली. बंड्या आणि चिंगी जिवलग झालेले नाहीत. ती वेगवेगळ्या खिडक्यांत बसतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आम्ही टब, लिटर, जागा, पाणी, खाद्य आणि चिंगीची बैठक असं सगळं जवळजवळ एकदम बदललं. त्यामुळं नेमक्या कशानं किती फरक पडला हे सांगता येत नाही. एकेक बदल करत गेलो असतो तर ते कळलं असतं, पण तोवर आणखी एक ऑर्डर परत आली असती. मालाची भीती नसलेल्या घरात मी आधी नळाच्या दिवसाचा क्रम बदलेन, दोन पाळ्या बघेन, मग लिटरला हात लावेन.

दुसरं, दोन्ही मांजरांना सुरुवातीचे काही दिवस पूर्ण वेगळं ठेवून बघता आलं असतं. चिंगीचा वाटा किती, हे त्यातून स्वच्छ दिसलं असतं. इथं खोल्या दोनच आणि माणसं चार, म्हणून तो विचार बाजूला पडला.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र आधी विचारण्यासारखा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडच्या बहुतेक घरांत माणसं वाढतात. योजना ठरतानाच 'सुट्टीत कोण येणार, कुठं झोपणार' हे विचारून एक टब अंथरुणांच्या वाटेत न येणाऱ्या जागी ठेवता येतो. आता अशी तक्रार मार्च-एप्रिलमध्ये आली की मी बंड्याच्या वयाच्या बोक्यांच्या घरी हा प्रश्न विचारतो, आणि त्यासोबत नळाचे दिवस लिहून आणायला सांगतो.